कोरड्या केसांसाठी

पहिलं भांडं ओतलं तेव्हा त्याला वाटलं, आपलाच नेम चुकला. पाणी तिच्या डोक्यावर पडलं आणि आल्या पावली निघून गेलं, मानेवरून, पाठीवरून, स्टुलाच्या पायांवरून मोरीच्या जाळीत. केस होते तसेच राहिले. वर नुसते थेंब उभे होते, मेणकापडावर राहतात तसे, गोल, टपोरे, आपला कुणाशी काही संबंध नाही असे. दुसरं भांडं त्याने जवळून ओतलं. तिसरं अगदी हळू, मनधरणी करायची असल्यासारखं. मग बोटाने वरची एक बट उचलून बघितली, तर खालचे केस चक्क कोरडे.

"अगं, हे भिजतच नाहीत."

प्लास्टरमधला उजवा हात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने वर धरला होता, उत्तर येणाऱ्या मुलीने वर्गात धरावा तसा. "नाही भिजत," ती म्हणाली. "कधीच नाही भिजले. तुम्ही ओतत राहा."

तो ओतत राहिला, पण त्याचं चित्त त्यात नव्हतं. एक्केचाळीस वर्षं एका छपराखाली राहून माणसाला बायकोच्या केसांबद्दल काय माहीत असतं? अंबाडा माहीत असतो. तीन आकडे अंबाड्यात आणि चौथा दातांत, हे माहीत असतं. तिचं डोकं लांबून चमकायचं, म्हणून त्याला वाटायचं केस झकास आहेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती न्हायला जायची आणि तासभर दार उघडायची नाही. हा बाहेर खांद्यावर पंचा टाकून उभा. शेवटी दारावर थाप मारून विचारायचा, "अगं, बुडालीस का?" आतून उत्तर यायचं, "भिजतेय." हा किस्सा त्याने कामावर कितीदा सांगितला होता, लोक हसले होते, तोही हसला होता. आज रिकामं भांडं हातात धरून त्याच्या ध्यानात आलं की ती विनोद करत नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत होती. एक तास तिला नुसतं भिजायला लागायचा.

"आणि तेल?" त्याने विचारलं.

"तेल वर बसतं. डोकं चमकतं, केस उपाशी. तेल उशी पिते आपली."

पालथ्या घड्यावर पाणी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते तिथल्या तिथे गिळलं. कारण तो शब्द तिच्या केसांचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्याने चौतीस वर्षं इस्त्री केली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी असायची, कुठल्या वॉर्डात जायचा त्याची. त्याला अक्षर येत नव्हतं. तो चिठ्ठ्या चेहऱ्यावरून ओळखायचा. बाळंतिणींचा वॉर्ड म्हणजे लांबलचक, वेलांट्या लोंबणारी चिठ्ठी. हाडांचा वॉर्ड आखूड. एकदा चेहरे चुकले आणि पोरांच्या वॉर्डातल्या चादरी पुरुषांकडे गेल्या, सहा सहा फुटी माणसं गुडघ्यापर्यंत चादर ओढून झोपली. त्यानंतर मुकादमाने त्याला जेवणाच्या सुट्टीत अक्षर शिकवायला घेतलं. आठ दिवस शिकवलं. नवव्या दिवशी पाटी आपटून म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी!" झालं, तेव्हापासून नाव पडलं घड्या. घड्या, गठ्ठा आण. घड्या, वाफ सोड. पुढे नवे लोक आले, त्यांना वाटायचं हा माणूस दिवसभर चादरींच्या घड्या घालतो म्हणून घड्या. त्यांचा तो गैरसमज त्याने जपून ठेवला. माणसाला एखादा गैरसमजसुद्धा आधाराला पुरतो.

तिचा हात मोडला तो अगदी क्षुल्लक कारणाने. जिन्याची शेवटची पायरी उतरलो असं समजून तिने पाय टाकला, आणि अजून एक पायरी होती. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केलेली बाई, हजारो लोकांचे पत्ते बिनचूक लावलेली, तिचा हिशेब एका पायरीने चुकला. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. ती म्हणाली, "उजवाच का पण?"

त्या पहिल्या न्हाण्यानंतर दुपारी तो एकटाच बाजारात गेला. दुकानात शाम्पूच्या, मलमांच्या बाटल्यांची भिंतच्या भिंत होती. विकणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, काय देऊ?" तो म्हणाला, "थांब, वाचतोय." हे वाक्य म्हणताना त्याला अजून छातीत काहीतरी व्हायचं. बावन्नाव्या वर्षी वाचायला लागलेल्या माणसाला दुकानातली भिंतही पुस्तकासारखी वाटते. ओठ हलवत, एकेका अक्षराला हात लावून पुढे जात त्याने अर्ध्या तासाने एक बाटली काढली. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, कोरड्या केसांसाठी. त्याने दोनदा वाचलं. कोरड्या. केसांसाठी. म्हणजे केस कोरडे असताना लावायचं. बाटलीने स्वतःच सांगितलं, आणखी काय पाहिजे! मागे मुंगीएवढ्या अक्षरात बरंच काही होतं, पण मुख्य गोष्ट कळल्यावर मुंग्या कोण मोजत बसतो.

दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड हा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी खिडकीपाशी खुर्ची. ती पाठमोरी. तो तिचे कोरडे केस सोडायचा, फणीने भाग पाडायचा आणि बाटलीतलं पांढरं मलम बोटांनी चोपडायचा, कॉलरला खळ लावावी तसं, एकही जागा न सोडता. बाटली समोर खिडकीच्या कठड्यावर असायची. पहिल्या दिवशी तिने मान किंचित वळवली होती. तोंड उघडलं होतं. आणि मिटलं.

"काय गं?"

"काही नाही. लावा."

पंधरा दिवसांत केस काठीसारखे झाले. फणीला पांढरे कण यायला लागले. टोकं तर अशी तुटायची की आवाज ऐकू यावा. आठवड्याचं न्हाणं व्हायचं, पाणी होतं तसंच घरंगळून जायचं, उलट आता थेंब जास्तच ऐटीत उभे राहायचे. त्याने हात सैल सोडला, मग घट्ट केला, मलम कमी केलं, मग जास्त केलं. मंगळवारी सकाळी तिने डाव्या हाताने फोनची बटणं दाबली आणि कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला सांगितलं, "शनिवारी अकराला येते. सगळे कापायचेत. खांद्यापर्यंत नाही गं, पार कानापर्यंत. हो, विचार केलाय." फोन ठेवून ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मोकळं होऊ एकदाचं. तुमचीही सुटका."

"मी कुठे म्हटलं सुटका कर?"

"तुम्ही कशाला म्हणाल."

एवढंच. पण त्या दिवशी त्याचं कशात लक्ष लागेना. केस कापले म्हणून जग बुडत नाही, हे त्यालाही कळत होतं. कितीतरी बाया कापतात, चांगल्या दिसतात. पण ती का कापते आहे, हे त्याला टोचत होतं. हात मोडल्यापासून घरातून काय काय गेलं होतं, ते तो मनात मांडायला लागला. गॅलरीतल्या कुंड्या गेल्या, शेजारणीला दिल्या, कारण झारी उचलत नव्हती. शिलाईचं यंत्र गेलं, भाचीने नेलं. मोठी कढई वरच्या फळीवर गेली. आता केस. ज्या ज्या गोष्टीला दुसऱ्याचा हात लागणार, ती ती ही बाई जिवातून कापून टाकत होती. आणि दुसरा म्हणजे कोण, तर हाच. उद्या तिचे डोळे अधू झाले, गुडघे गेले, तर काय काय कापील? एक दिवस मुकाट सगळंच मिटून बसेल, आणि आपण बाहेर खांद्यावर पंचा टाकून उभे. त्याच्या हातात फक्त शनिवारपर्यंतचा वेळ होता. तोवर हे केस जर भिजले, नुसते भिजले, तर कदाचित. त्या कदाचितच्या पुढे काय, ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं.

गुरुवारी लेकीचा फोन आला. ती दूर दुसऱ्या शहरात असते. आई शेजारणीकडे गेली होती, म्हणून लेक बापाच्या तावडीत सापडली.

"बाबा, आईचे केस लो पोरॉसिटी आहेत. माझे पण तेच."

"कसली पोरासिटी?"

"पोरॉसिटी."

"पोरं सिटीत जातात ते माहितेय मला. तू गेलीसच की."

लेक हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "केसांवर खवले असतात बाबा, बारीक. कुणाचे उघडे असतात, आपले घट्ट मिटलेले. छपरावर कौलं बसवल्यासारखे. त्यामुळे पाणी वरून घरंगळतं, तेल वर बसून राहतं, जे लावाल त्याचा थर चढतो. खराब नसतात ते, फक्त दार लावून बसलेले असतात. एक केस ग्लासातल्या पाण्यात टाकून बघा, दिवसभर तरंगेल. पण एक आहे, पाणी एकदा आत गेलं ना, की ते सहजासहजी बाहेरही येत नाही. मुरतं."

मुरतं, हा शब्द त्याने धरून ठेवला. "मग आत न्यायचं कसं?"

"ऊब. कोमट पाणी, वाफ. आणि हलकं पातळ काहीतरी, ओल्या केसांना. तुम्ही लावताय ते ओल्या केसांनाच लावताय ना?"

"हो तर," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि त्याला स्वतःचीच ओळख पटली. हे 'हो तर' फार जुनं होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ती काही वाचायला द्यायची, तेव्हा तो म्हणायचा, "चष्मा विसरलो." त्या वेळी त्याच्याकडे चष्माच नव्हता. ती बघायची, कागद परत घ्यायची आणि स्वतः मोठ्याने वाचायची, सहज, जणू तिलाच वाचायची हौस. असं कितीतरी वर्षं. पाणी कुठे मुरतंय ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार.

त्याने कठड्यावरची बाटली उचलली, लेकीचं जुनं भिंग कपाटातून काढलं आणि मागच्या मुंग्या एकेक करून वाचायला बसला. केस कोमट पाण्याने धुवा. जादा पाणी निथळू द्या. ओल्या केसांना लावा. ओल्या. त्याने भिंग उचललं, पुसलं, परत ठेवलं. मुंगी हलली नाही. मग त्याने बाटली फिरवून ती मोठी निळी अक्षरं पुन्हा वाचली. कोरड्या केसांसाठी. साठी. 'ज्यांचे केस कोरडे आहेत त्यांच्यासाठी' असं म्हणायचं होतं बाटलीला. 'कोरडे असताना' असं नव्हतंच म्हणायचं. अख्खा शब्द बरोबर वाचला होता, मात्रा-वेलांट्या सगळ्या जागच्या जागी, आणि अर्थ पार दुसऱ्या वॉर्डात नेऊन टाकला होता.

इथवर नुसती लाज होती, तिची त्याला सवय होती. पण मग तो खुर्चीत बसला, त्याच खुर्चीत, तिच्या जागी. समोर कठडा. कठड्यावर बाटली जिथे असायची ती जागा. नाकापासून दीड हात. मागची बाजू तिच्याकडे, कारण पुढची निळी बाजू तो बाहेरच्या रस्त्याला दिसावी तशी ठेवायचा. आणि ही बाई तीस वर्षं पत्रं वाचून बसलेली. उलटं, आडवं, पावसात धुतलेलं, डॉक्टरांनी लिहिलेलं, कुठलंही अक्षर तिने कधी सोडलं नाही. ती पंधरा दिवस एक दिवसाआड त्या मुंग्यांच्या समोर बसली होती. तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मान वळवली होती. तोंड उघडलं होतं.

त्याला जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. म्हणजे अजूनही मी घडाच. एवढी वर्षं झाली, वर्तमानपत्र वाचतो, लेकीची पत्रं वाचतो, पण हिच्या लेखी मी असा माणूस की ज्याला चूक सांगण्यापेक्षा केस कापलेले बरे. त्याला राग आला. तो राग घेऊन तो घरभर हिंडला, दोनच खोल्या, त्यामुळे राग लवकर परत परत त्याच जागी यायचा. आणि त्या फेऱ्यांत त्याला ती रांग आठवली.

अक्षर तिनेच शिकवलं होतं त्याला. पाटी नाही, पुस्तक नाही. सुट्टीच्या दिवशी घरचे कपडे इस्त्री करायला तो टेबलावर पांढरी चादर अंथरायचा, तेव्हा ती वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून चादरीवर 'क' काढायची. तो खाली त्याचा 'क' काढायचा. मग वरून इस्त्री फिरवायची, चर्र आवाज व्हायचा, वाफ, आणि दोन्ही 'क' गायब. चूक झाली तरी खूण नाही. हसायला कुणाला पुरावाच शिल्लक राहायचा नाही. ज्या माणसापुढे मुकादमाने आठ दिवसांत हात टेकले, तो वाफेवर वर्षभरात वाचायला लागला. आणि वाचता यायला लागल्यावर नवे दात आलेल्या पोरासारखा जे दिसेल ते चावायला लागला. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, सगळं मोठ्याने. एकदा दवाखान्याच्या खिडकीपाशी गर्दीत त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "रागाने उभे राहा." पाटीवर होतं, रांगेने उभे राहा. गर्दी हसली. आणि तीही हसली. मुद्दाम नव्हे, फस्सकन आलं तिला. तो खरोखरच रागाने उभा राहिला. घरी आल्यावर पुस्तक मिटलं ते अकरा महिने उघडलं नाही. ती समजूत घालायला गेली नाही. अकरा महिन्यांनी लेकीचं पत्र आलं, तेव्हा तिने ते न फोडता त्याच्यापुढे ठेवलं आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. कोथिंबिरीची एक जुडी आणायला तिला तीन तास लागले. ती परत आली तोवर पत्र वाचून झालं होतं. त्या दिवसानंतर तिने त्याची एकही चूक कधी काढली नाही. त्याला वाटायचं, आता आपल्या चुकाच होत नाहीत.

शुक्रवारी सकाळी त्याने खिडकीपाशी खुर्ची मांडली नाही. ती आली, उभी राहिली.

"आज नाही लावायचं?"

"बाटलीवर काय लिहिलंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला वाचता येतं की."

"वाचलं. काल. मागचं."

बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, गाडी नुसती खोकत होती.

"तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"दिसलं."

"मग बोलायचं नाही? तोंडाला काय प्लास्टर घातलं होतं?"

"अकरा महिने," ती म्हणाली.

ती खुर्ची स्वतःच डाव्या हाताने ओढायला लागली, पाय जमिनीवर करकरले, त्याने पुढे होऊन खुर्ची धरली. दोघांनी मिळून ती खिडकीपाशी नेली, वास्तविक तो एकटाही ती नेऊ शकला असता.

"केस कापायला निघालीस, पण एक शब्द नाही बोललीस."

"केस येतात परत," ती म्हणाली. "तुम्ही पुस्तक मिटलंत तर मला परत उघडता येत नाही. एकदा अनुभव घेतलाय."

"म्हणजे मी अजून पालथाच."

"कोण म्हणालं? मुकादम मेला तुमचा, तुम्ही अजून त्याला घरात पोसताय." मग ती जरा थांबली आणि खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याच कुणाला सांगावं तशी म्हणाली, "आणि खरं सांगू का. बोलले असते तर तुम्ही बाटली ठेवून दिली असतीत. लेकीला बोलावलं असतंत, नाहीतर बाई ठेवली असतीत. चुकीचं का होईना, रोज सकाळी कुणी डोक्याला हात लावत होतं. माझी आई गेल्यापासून कुणी लावला नव्हता."

"रोज कुठे? एक दिवसाआड."

"एक दिवसाआड," ती म्हणाली. "मधला दिवस लांब जायचा."

अशा वेळी काय करायचं हे त्याला कधीच आलं नव्हतं, पण काम करता यायचं. तो आत जाऊन पाणी तापवायला लागला.

पाणी कढत नको, कोमट हवं. कोपराने बघितलं, लहान मुलासाठी बघतात तसं. आधी त्याने नुसत्या शाम्पूने केस दोनदा धुतले, पंधरा दिवसांचा थर उतरायला हवा होता. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय ते पाणी पीत नाही, हे त्याला चौतीस वर्षं माहीत होतं. इतकी साधी गोष्ट हातांना माहीत होती आणि डोकं बाटलीला विचारत बसलं. पांढरं पाणी जाळीतून गेलं, मग स्वच्छ पाणी गेलं. थेंब अजून उभे राहत होते, पण आधीइतक्या ऐटीत नाही. मग ती खुर्चीत बसली, ओले केस पाठीवर, आणि त्याने मलम घेतलं, अगदी थोडं, हातावरच पाण्यात कालवून पातळ केलं आणि बटेबटेला वरून खाली लावत गेला.

आता त्याचं स्वतःचं ज्ञान. धुलाईखान्यात वाळून खडंग झालेली चादर यायची, तिच्यावर इस्त्री कितीही दाबा, अंगाचं वजन टाका, सुरकुती हटत नाही. नवे लोक दाबत बसायचे, घामाघूम व्हायचे. जाणता माणूस दाबत नाही. तो चादरीवर पाणी शिंपडतो, तिची गुंडाळी करतो, वर कापड लपेटतो आणि तिला बाजूला ठेवून देतो. तासाभराने उघडा, ओल धाग्याधाग्यात मुरलेली असते, मग इस्त्री नुसती फिरवायची. वाफ आधी, वजन नंतर. त्याने टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळला, झटकला, गालाला लावून बघितला आणि तिचे केस वर गोळा करून त्यात गुंडाळले. त्यावर दुसरा, कोरडा. तिचं डोकं भलंमोठं दिसायला लागलं. टॉवेलच्या कडेने वाफेची एक बारीक रेघ वर गेली.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. गार झाला की बदलू."

"तोवर काय करायचं?"

त्याने भिंग घेतलं, बाटली घेतली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. "वाचतो," तो म्हणाला. "ऐक." आणि मोठ्याने वाचायला लागला. केस कोमट पाण्याने धुवा. जादा पाणी निथळू द्या. ओल्या केसांना, इथे त्याने जरा जोर दिला, ओल्या केसांना लावा. टोकांपासून सुरुवात करा. "मुलांना लावू नये."

त्याने वर बघितलं. ती ओठ दाबून बसली होती, टॉवेलखाली कपाळावर एक शीर उडत होती. ती आता गिळणार, त्याला दिसलं. इतकी वर्षं गिळलं तसंच.

"बोल," तो म्हणाला.

"मुळांना," ती म्हणाली. "केसांच्या मुळांना लावू नये. मुलांना नव्हे."

त्याने भिंग खाली नेलं. ळ होता, चांगला धडधाकट, दोन्ही वेटोळ्यांसकट. त्याने वाट बघितली, ती जुनी कळ कुठून येते त्याची. कळ आली, पण उंबऱ्यापाशीच उभी राहिली. "तरी म्हटलं," तो म्हणाला, "पोरासिटीचं औषध आणि पोरांनाच का वर्ज्य!"

तिला काही कळलं नाही, मग त्याने लेकीचा फोन सांगितला, आणि ती हसली. फस्सकन आलं तिला, त्या रांगेत आलं होतं तसंच, तोंडावर हात धरायला गेली तर प्लास्टरच नाकाला लागलं. तो हसला. टॉवेल सुटायला आला, त्याने उठून तो बदलला, दुसरा गरम गुंडाळला आणि परत बसून पुढची ओळ वाचायला घेतली. तीत तिने आणखी एक चूक काढली. ती तिने जरा जास्तच हौसेने काढली.

मध्येच फोन वाजला. पार्लरवाली होती, उद्याचं पक्कं ना विचारायला. त्याने फोन तिच्या तोंडापाशी धरला. "येते," ती म्हणाली. "पण बोटभरच काप. टोकं तेवढी. नाही गं, विचार बदलला नाही, नवीन केला."

कठड्यावर कालपासून एक ग्लास होता, लेकीने सांगितलेला. त्यात तिचा एक केस पाण्यावर आडवा पडला होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा, बुडायचं नाव नाही. तो ग्लास ओतून द्यायला उठला, तर ती म्हणाली, "राहू द्या. स्वभाव आहे तो त्याचा." मग जराशाने, "आणि कुंड्या आणा शेजारणीकडच्या, झारीसकट. कुंड्यांना तुम्हीच घाला पाणी. मी सांगेन किती."

वीस मिनिटं झाली असतील, कदाचित जास्त. त्याने टॉवेल सोडला. केस खाली आले ते आवाज न करता आले. त्याने एक बट हातात घेतली आणि तिचं वजन त्याला लागलं, धुतलेल्या चादरीला असतं तसलं, आतून आलेलं. थेंब कुठे दिसत नव्हते. त्याने बट सोडली नाही. तिने डोळे मिटले होते, मान मागे त्याच्या हातावर टाकली होती, सगळा भार, पहिल्यांदाच.

"अगं," त्याने हळूच विचारलं, "बुडालीस का?"

"भिजतेय," ती म्हणाली.